विश्लेषण : बारा गाण्यांच्या तबकडीत डस्टी स्प्रिंगफील्ड का मावली नाही?

ब्रिटनमधील रेकॉर्डच्या दुकानांत १९६६ च्या ऑक्टोबरमध्ये ‘गोल्डन हिट्स’ नावाची लाँग प्ले तबकडी दाखल झाली. एका बाजूला सहा आणि दुसऱ्या बाजूला सहा, अशी एकूण बारा गाणी. गायिका होती डस्टी स्प्रिंगफील्ड, वय वर्षे २७. एकल गायिका म्हणून तिची कारकीर्द तेव्हा जेमतेम तीन वर्षांची होती. तरीही ब्रिटनच्या अल्बम यादीत या तबकडीने दुसऱ्या क्रमांकापर्यंत मजल मारली. साठच्या दशकातील ब्रिटिश पॉपचा सर्वांत ओळखीचा स्त्रीस्वर कोणता, याचे उत्तर अनेकांसाठी या बारा गाण्यांनी कायमचे देऊन टाकले. मात्र आज समीक्षक तिचे सर्वश्रेष्ठ काम म्हणून ज्या अल्बमचे नाव घेतात, तो त्यानंतर निघाला आणि तेव्हा फारसा विकलाच गेला नाही. शिवाय या बारा गाण्यांचा घाट ठरवण्यात जिचा मोठा वाटा होता, तिचे नाव निर्माती म्हणून तबकडीवर नव्हते. ती होती स्वतः डस्टी.

मेरी ओब्रायनची ‘डस्टी’ कशी झाली?

तिचे मूळ नाव मेरी इसोबेल कॅथरीन बर्नाडेट ओब्रायन. जन्म १६ एप्रिल १९३९ चा, लंडनच्या वेस्ट हॅम्पस्टेड भागातला. घर आयरिश कॅथलिक. वडील जेरार्ड हे कर सल्लागार. त्यांचे बालपण ब्रिटिश अमलाखालील भारतात गेले होते. आई के ही आयर्लंडच्या केरी परगण्याकडची. मेरीचे बालपण हाय विकम येथे आणि नंतर लंडनच्या ईलिंग उपनगरात गेले, शिक्षण कॉन्व्हेंट शाळेत झाले. मुलांबरोबर रस्त्यात फुटबॉल खेळणाऱ्या, सदा धुळीने माखलेल्या या मुलीला ‘डस्टी’ हे नाव लहानपणीच चिकटले.

वडिलांना संगीताचे वेड होते. मुलीच्या हातावर बोटांनी ताल धरायचा आणि ही कोणती रचना ते तिने ओळखायचे, असा खेळ घरात चाले. गायिका म्हणून पुढे ज्या गोष्टीसाठी तिचे नाव झाले, त्या तालाच्या अचूक जाणिवेचे मूळ बहुधा याच खेळात आहे. बाराव्या वर्षी तिने ईलिंगमधल्या एका दुकानात जाऊन अर्व्हिंग बर्लिनचे एक गाणे स्वतःच्या आवाजात तबकडीवर उतरवून घेतले होते.

चष्मा लावणारी, लालसर केसांची ही मुलगी स्वतःला दिसायला सामान्य समजे. १९५८ मध्ये ती ‘लाना सिस्टर्स’ या तीन गायिकांच्या गटात गेली. एका सुरात मिळून गाणे, माइकसमोर उभे राहणे, रंगभूषा आणि केशभूषा हे सारे ती तेथे शिकली. १९६० मध्ये भाऊ डायोनिसियस आणि त्याचा मित्र टिम फील्ड यांच्याबरोबर तिने ‘द स्प्रिंगफील्ड्स’ हा लोकगीतांच्या वळणाचा गट काढला. वसंत ऋतूत, म्हणजे ‘स्प्रिंग’मध्ये, एका शेतात म्हणजे ‘फील्ड’मध्ये सराव करताना हे नाव सुचले, असे सांगितले जाते. भावाने टॉम स्प्रिंगफील्ड हे नाव घेतले, बहिणीने डस्टी स्प्रिंगफील्ड. पुढे याच टॉमने ‘द सीकर्स’ या ऑस्ट्रेलियन गटासाठी गाजलेली गाणी लिहिली.

चालता गट सोडण्याचा निर्णय का घेतला?

स्प्रिंगफील्ड्स अपयशी नव्हते. ‘न्यू म्युझिकल एक्स्प्रेस’ या साप्ताहिकाच्या वाचकांनी त्यांना ब्रिटनमधील सर्वोत्तम गायनगट ठरवले होते. त्यांचे ‘सिल्व्हर थ्रेड्स अँड गोल्डन नीडल्स’ हे गाणे १९६२ मध्ये अमेरिकेच्या पहिल्या विसांत गेले. बीटल्सची लाट अमेरिकेत पोहोचण्याआधी ब्रिटिश गटासाठी ही दुर्मीळ गोष्ट होती.

याच सुमारास गट ध्वनिमुद्रणासाठी अमेरिकेतील नॅशव्हिलला निघाला. वाटेत न्यूयॉर्कमध्ये मुक्काम होता. ब्रॉडवेवरील एका रेकॉर्ड दुकानाजवळून जाताना डस्टीच्या कानावर ‘द एक्सायटर्स’ या कृष्णवर्णीय गटाचे ‘टेल हिम’ हे गाणे पडले. त्या गाण्यातला जोर आणि थेटपणा ऐकल्यावर आपण गातो ते नीटनेटके लोकगीत तिला फिके वाटू लागले. आपल्याला हे गायचे आहे, हे तिने तेथेच ठरवले. ऑक्टोबर १९६३ मध्ये गट विसर्जित झाला आणि पुढच्याच महिन्यात तिचे पहिले एकल गाणे बाजारात आले : ‘आय ओन्ली वाँट टू बी विथ यू’. ते ब्रिटनमध्ये चौथ्या आणि अमेरिकेत बाराव्या क्रमांकावर गेले. बीबीसीचा ‘टॉप ऑफ द पॉप्स’ हा कार्यक्रम १ जानेवारी १९६४ रोजी सुरू झाला, तेव्हा त्याच्या पहिल्याच भागात ती होती. उंच रचलेले सोनेरी केस, काजळाने काळेभोर केलेले डोळे आणि गाताना हवेत फिरणारे हात ही तिची ओळख याच काळात ठरली. आरशातल्या मेरी ओब्रायनवर तिने चढवलेला हा मुखवटा होता आणि तो उतरवणे तिला आयुष्यभर जड गेले.

‘गोल्डन हिट्स’मध्ये नेमके काय आहे?

तबकडीची सुरुवात याच पहिल्या गाण्याने होते आणि शेवट १९६६ च्या ‘ऑल आय सी इज यू’ने. मधल्या गाण्यांत बर्ट बॅकरॅक आणि हॅल डेव्हिड या जोडीची दोन आहेत. ‘आय जस्ट डोन्ट नो व्हॉट टू डू विथ मायसेल्फ’ १९६४ मध्ये ब्रिटनमध्ये तिसऱ्या क्रमांकावर गेले, तर ‘विशिन अँड होपिन’ अमेरिकेत सहाव्या. ‘लूझिंग यू’ हे भाऊ टॉम आणि क्लाइव्ह वेस्टलेक यांनी मिळून रचलेले. ‘सम ऑफ युवर लव्हिन’ आणि ‘गोइंग बॅक’ ही जेरी गॉफिन आणि कॅरोल किंग या अमेरिकी दांपत्याच्या रचनांमधली. ‘सम ऑफ युवर लव्हिन’चे श्रेय त्यांचेच. ‘गोइंग बॅक’ हे बालपणाकडे वळून पाहणारे शांत गाणे आहे. सत्तावीस वर्षांच्या मुलीने ते ज्या समजुतीने गायले आहे, ती ऐकणाऱ्याला आजही थबकवते.

संग्रहातले सर्वांत गाजलेले गाणे ‘यू डोन्ट हॅव टू से यू लव्ह मी’. डस्टीचे ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलेले हे एकमेव एकल गाणे. अमेरिकेत ते चौथे आले. मूळ गाणे इटालियन. १९६५ च्या सॅन रेमो महोत्सवात तिने ते ऐकले आणि इंग्रजीत आणायचे ठरवले. शब्द लिहायला हाताशी कोणी नव्हते, म्हणून मैत्रीण विकी विकम आणि सायमन नेपियर-बेल यांनी ते काम केले. विकम दूरचित्रवाणीची निर्माती, नेपियर-बेल पॉप गटांचा व्यवस्थापक. दोघेही गीतकार नव्हते. मूळ इटालियन शब्दांचा अर्थ त्यांनी सोडूनच दिला आणि चालीत बसेल असे नवे काव्य घाईघाईने रचले. त्याचा परिणाम मात्र असा, की तिच्या संपूर्ण कारकिर्दीची खूण म्हणून हेच गाणे सांगितले जाते.

हिट्स संग्रह निघतात कशासाठी?

हे समजण्यासाठी तेव्हाचा बाजार पाहायला हवा. साठच्या दशकात ब्रिटनमध्ये गाणे आधी ‘सिंगल’ म्हणून येई : छोटी तबकडी, दोन्ही बाजूंना एकेक गाणे. किशोरवयीन मुले खाऊच्या पैशांतून ती घेत. लाँग प्ले तबकडी महाग असे. एकदा पैसे मोजून सिंगल घेतलेले गाणे ग्राहकाच्या गळ्यात पुन्हा मारू नये म्हणून ब्रिटनमध्ये गाजलेली सिंगल्स बहुधा अल्बममध्ये घेतच नसत. त्यामुळे एखाद्या गायिकेची सगळी गाजलेली गाणी एकत्र हवी असतील, तर संग्रहाशिवाय मार्ग नव्हता.

कंपनीसाठी हा सौदा सोपा असे. नवे ध्वनिमुद्रण नाही, वादकांचे मानधन नाही, गाणी आधीच लोकांच्या ओठांवर. मूळ ध्वनिफितींची मालकी कंपनीची असल्याने असे संग्रह पुढची कित्येक वर्षे नव्या वेष्टनात काढता येत. शिवाय शरद ऋतूत तबकडी काढली, की नाताळच्या खरेदीचा हंगाम समोर असे. ‘गोल्डन हिट्स’ ऑक्टोबरमध्ये आली ती याच रिवाजाला धरून.

कलावंतासाठी मात्र ही दुधारी तलवार असते. संग्रह नाव घरोघर पोहोचवतो, पण त्या नावाला एका वयात आणि एका आवाजात बांधूनही टाकतो. ऐकणाऱ्याला पुढच्या वेळी तेच हवे असते.

ही गाणी घडवली कोणी?

तबकडीवर निर्माता म्हणून नाव आहे जॉनी फ्रान्झ याचे. फिलिप्स कंपनीचा हा अनुभवी माणूस. अनेक गाण्यांची वाद्यरचना आयव्हर रेमंड याची. पहिल्या हिट गाण्याच्या दोन रचनाकारांपैकीही तो एक. दोघांचे काम मोठे आहे. तरीही गाणे कोणते घ्यायचे, कोणत्या अमेरिकी तबकडीसारखा ठेका हवा, ड्रम किती पुढे हवा, मागे गाणाऱ्या मुली कोण, याचे निर्णय मोठ्या प्रमाणावर डस्टीचे होते. आपण निर्मातीचे काम करत होतो, पण ते श्रेय घेतले नाही, हे तिने नंतरच्या काळात सांगितले. स्त्रीने गावे, छान दिसावे आणि नियंत्रण कक्षात पुरुषांनी बसावे, हा तेव्हाचा शिरस्ता होता. श्रेय मागितले असते तर आधीच हेकट म्हणून होणारी चर्चा आणखी वाढली असती.

तशी चर्चा होण्याचे कारण तिची काम करण्याची पद्धत. लंडनच्या मार्बल आर्चजवळ स्टॅनहोप प्लेसमध्ये फिलिप्सचा स्टुडिओ होता. त्याच्या खोलीत आवाजाला गुंज येत नाही, ही तिची कायमची तक्रार. ‘यू डोन्ट हॅव टू से यू लव्ह मी’ गाताना यावर तोडगा निघाला तो असा, की माइक इमारतीच्या जिन्यात लावला गेला आणि तिथे उभी राहून ती गायली. कानावरच्या हेडफोनमध्ये ती संगीताचा आवाज इतका वाढवी, की दुसऱ्याला तो सहन होऊ नये. एकेक ओळ, कधी एकेक शब्दही मनासारखा होईपर्यंत ती पुन्हा पुन्हा म्हणे. मुरलेल्या ब्रिटिश वादकांना एका पंचविशीतल्या मुलीने बेस असा वाजवा, ड्रम तसा वाजवा असे सांगावे, हे सर्वांनाच रुचत नसे. हाच काटेकोरपणा एखाद्या पुरुष निर्मात्याकडे असता तर त्याला प्रतिभेचे लक्षण म्हटले गेले असते. डस्टीच्या बाबतीत तो लहरीपणा ठरला.

दक्षिण आफ्रिकेत काय घडले?

या बारा गाण्यांतून अजिबात न दिसणारी घटना डिसेंबर १९६४ ची आहे. दक्षिण आफ्रिकेत तेव्हा वर्णभेदाचे कायदे होते. गोऱ्या आणि कृष्णवर्णीय प्रेक्षकांनी एकत्र बसण्यावर बंधने होती. डस्टीने दौऱ्याचा करार करतानाच एक अट लिहून घेतली : ज्या सभागृहात वर्णावरून प्रेक्षक वेगळे केले जातील, तेथे आपण गाणार नाही. केप टाऊनजवळ एका चित्रपटगृहात मिश्र प्रेक्षकांसमोर तिचा कार्यक्रम झाला. त्यानंतर सरकारी अधिकारी हॉटेलवर आले. सरकारचे नियम पाळण्याची लेखी हमी तिच्याकडे मागण्यात आली. तिने सही केली नाही. अखेर तिला आणि तिच्या वादकांना देश सोडण्याचा हुकूम मिळाला.

ब्रिटनमध्ये ही पहिल्या पानावरची बातमी झाली आणि संसदेतही तिचे पडसाद उमटले. सर्वांनी कौतुकच केले असे नाही. तिकडे कार्यक्रम करणाऱ्या काही ब्रिटिश कलावंतांनी तिच्यावर प्रसिद्धीसाठी हे केल्याचा ठपका ठेवला. वर्णभेदी राजवटीवर सांस्कृतिक बहिष्कार टाकण्याची चळवळ नंतर जगभर पसरली. परंतु १९६४ मध्ये, कारकिर्दीच्या दुसऱ्याच वर्षी, कराराच्या कागदावर ही अट घालणे आणि ती मोडण्यापेक्षा विमानात बसणे पत्करणे सोपे नव्हते.

मोटाऊनशी तिचे नाते काय?

ही भूमिका अचानक आलेली नव्हती. कृष्णवर्णीय अमेरिकी गायकांकडून आपण शिकलो, हे ती उघडपणे सांगे. सप्टेंबर १९६४ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन फॉक्स नाट्यगृहात तिने मोटाऊन कंपनीच्या गायकांबरोबर कार्यक्रम केले होते. मार्था रीव्हज आणि तिच्या ‘व्हँडेलाज’शी तिची तेथेच मैत्री जुळली.

एप्रिल १९६५ मध्ये ब्रिटिश दूरचित्रवाणीवर ‘द साउंड ऑफ मोटाऊन’ हा विशेष कार्यक्रम झाला. निर्माती विकी विकम, सूत्रसंचालक डस्टी. ‘द सुप्रीम्स’, ‘द मिरॅकल्स’, ‘द टेम्प्टेशन्स’, स्टीव्ही वंडर अशी मंडळी ब्रिटनमधल्या घराघरांत एकाच रात्री पोहोचली. स्वतःचे नाव वापरून दुसऱ्यांसाठी दार उघडण्याचा हा प्रकार होता. ब्रिटनमध्ये मोटाऊनची गोडी रुजण्यात त्या एका तासाचा वाटा मोठा मानला जातो.

सर्वोत्तम अल्बम बाजारात का पडला?

‘गोल्डन हिट्स’नंतर बीबीसीवर तिच्या नावाचा कार्यक्रम सुरू होता, गाणीही चालत होती. बॅकरॅकने ‘कसिनो रोयाल’ या चित्रपटासाठी रचलेले ‘द लुक ऑफ लव्ह’ तिने १९६७ मध्ये गायले. पण पॉपचे वारे बदलत होते. गिटारवाल्या गटांचे लांबलचक अल्बम आले आणि सोनेरी केसांची, झगमगीत पोशाखातली गायिका जुन्या वळणाची वाटू लागली. १९६८ मध्ये तिने अमेरिकेसाठी अटलांटिक कंपनीशी करार केला. अरेथा फ्रँकलिन ज्या कंपनीत गात होती, तीच ही कंपनी. निर्माता जेरी वेक्सलरने तिच्यासमोर गाण्यांचा ढीग ठेवला. त्याच्या आठवणीप्रमाणे पहिल्या बैठकीत तिने त्यातले एकही पसंत केले नाही.

अखेर मेम्फिस शहरातल्या अमेरिकन साउंड स्टुडिओत काम सुरू झाले. वेक्सलरबरोबर टॉम डाउड आणि आरिफ मार्डिन हे सहनिर्माते होते. लंडनमध्ये लिहून तयार असलेल्या वाद्यरचनेवर गायची तिला सवय. इथले वादक मात्र कागद न घेता, वाजवता वाजवता गाणे उभे करत. थोर सोल गायकांच्या पंक्तीत आपल्याला बसवले जात आहे या जाणिवेने तिचा धीर सुटला. मेम्फिसमध्ये वादकांचे काम झाले. तिचे अंतिम गायन नंतर न्यूयॉर्कमध्ये ध्वनिमुद्रित करावे लागले. अल्बमचे नाव मात्र ‘डस्टी इन मेम्फिस’च राहिले.

याच काळात तिने वेक्सलरला एक सल्ला दिला : तिच्या गाण्यांत वाजवणारा जॉन पॉल जोन्स ज्या नव्या गटात आहे, त्या गटाला करारबद्ध करा. तो गट म्हणजे लेड झेपलिन. कंपनीने तो सल्ला मानला.

अल्बममधील ‘सन ऑफ अ प्रीचर मॅन’ हे गाणे ब्रिटनमध्ये नवव्या आणि अमेरिकेत दहाव्या क्रमांकावर गेले. रचनाकारांच्या मनात ते अरेथा फ्रँकलिनसाठी होते. आधी नाकारून तिनेही ते नंतर गायले. अल्बम मात्र अमेरिकेत ९९ व्या क्रमांकावर अडखळला आणि ब्रिटनच्या यादीत आलाच नाही. ज्यांनी ‘गोल्डन हिट्स’ घेतली होती, त्यांना जिन्यात घुमणारा, वाद्यवृंदावर स्वार होणारा आवाज हवा होता. मेम्फिसची डस्टी हळू गाते, जवळ येऊन कुजबुजते, स्वर मध्येच सोडून देते. तो संयम समजायला काळ जावा लागला. पुढे २००१ मध्ये ग्रॅमीच्या सन्मानित ध्वनिमुद्रणांत या अल्बमचा समावेश झाला आणि २०२० मध्ये अमेरिकी काँग्रेसच्या ग्रंथालयाने जतन करण्याजोग्या ध्वनिमुद्रणांत त्याची नोंद केली.

एका मुलाखतीची किंमत काय होती?

सप्टेंबर १९७० मध्ये लंडनच्या ‘इव्हिनिंग स्टँडर्ड’ या सायंदैनिकाचा पत्रकार रे कॉनोली याला तिने मुलाखत दिली. आपण स्त्रीकडेही तितक्याच सहजपणे आकर्षित होऊ शकतो, अशा आशयाचे विधान तिने त्यात केले. ब्रिटनमध्ये पुरुषांमधील समलिंगी संबंध काही मर्यादेत गुन्हा न मानण्याचा कायदा होऊन तेव्हा तीनच वर्षे झाली होती. स्त्रियांच्या बाबतीत असा गुन्हा कायद्यात नव्हता, पण समाजात त्याचा उच्चार नव्हता. प्रेमभंगाची गाणी गाणाऱ्या, घराघरांत आवडत्या असलेल्या गायिकेने असे बोलण्याची प्रथा तर मुळीच नव्हती. वृत्तपत्रांची नजर त्यानंतर तिच्यावरून हटली नाही.

काही काळातच ती अमेरिकेत, कॅलिफोर्नियात राहायला गेली. फिलाडेल्फियाच्या केनी गॅम्बल आणि लिऑन हफ या जोडीबरोबर केलेला अल्बम १९७० मध्ये आला होता, पण पुढची काही ध्वनिमुद्रणे कंपन्यांनी कपाटातच ठेवली. १९७४ साली हाती घेतलेला एक अल्बम अर्धवट राहिला. दारू, अमली पदार्थ, नैराश्याचे झटके आणि स्वतःला इजा करून घेणे यांत सत्तरच्या दशकाचा मोठा भाग गेला. रुग्णालयाच्या वाऱ्याही झाल्या. १९७८ आणि १९७९ मध्ये नवे अल्बम निघाले, पण त्यांना प्रतिसाद बेताचाच मिळाला. या सगळ्या काळात तिची जुनी गाणी मात्र वेगवेगळ्या संग्रहांतून विकली जात होती. दुकानातली डस्टी सत्तावीस वर्षांचीच राहिली होती.

पुनरागमन कसे झाले?

ते घडवले तिची गाणी ऐकत वाढलेल्या पिढीने. नील टेनंट आणि ख्रिस लोव यांच्या ‘पेट शॉप बॉइज’ या जोडीने अ‍ॅली विलिससह ‘व्हॉट हॅव आय डन टू डिझर्व्ह धिस?’ हे गाणे रचले होते. त्यातला स्त्रीस्वर डस्टीचाच हवा, असा त्यांचा आग्रह. गाणे १९८७ मध्ये आले आणि ब्रिटन व अमेरिका या दोन्ही देशांत दुसऱ्या क्रमांकावर गेले. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, संगणकीय वाद्यांच्या गाण्यात, तिचा आवाज पुन्हा नव्याने ऐकू आला. त्याच जोडीच्या मदतीने ‘नथिंग हॅज बीन प्रूव्हड’ आणि ‘इन प्रायव्हेट’ ही गाणी १९८९ मध्ये ब्रिटनच्या पहिल्या विसांत आली. १९९० मध्ये ‘रेप्युटेशन’ हा अल्बमही निघाला. १९९४ मध्ये क्वेंटिन टॅरँटिनोच्या ‘पल्प फिक्शन’ या चित्रपटात ‘सन ऑफ अ प्रीचर मॅन’ वाजले आणि मेम्फिसच्या त्या पडलेल्या अल्बमकडे तरुण श्रोते वळले.

मात्र त्याच १९९४ मध्ये तिला स्तनाचा कर्करोग असल्याचे निदान झाले. नॅशव्हिलमध्ये केलेला ‘अ व्हेरी फाइन लव्ह’ हा १९९५ चा अल्बम शेवटचा ठरला. उपचारांनी काही काळ आराम पडला, पण आजार परतला. १९९९ च्या नववर्ष सन्मानांत तिला ‘ओबीई’ जाहीर झाला, तेव्हा ती अंथरुणाला खिळलेली होती; सन्मानचिन्ह रुग्णालयातच तिच्या हाती देण्यात आले. २ मार्च १९९९ रोजी टेम्सकाठच्या हेन्ली गावी तिचे निधन झाले. साठावा वाढदिवस सहा आठवड्यांवर होता. त्यानंतर दोन आठवड्यांच्या आत, १५ मार्चला, न्यूयॉर्कमध्ये ‘रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम’मध्ये तिचा समावेश झाला. एल्टन जॉनने तिच्या नावाची घोषणा केली. १९७० च्या त्याच्या ‘टम्बलवीड कनेक्शन’ या अल्बममध्ये मागे गाणाऱ्यांत डस्टीही होती.

मग तो संग्रह आज कसा ऐकायचा?

‘गोल्डन हिट्स’ कमी दर्जाची नाही. साठच्या दशकात लंडनमध्ये अमेरिकी सोलचा धडा कसा गिरवला गेला आणि त्यातून स्वतःचे काहीतरी कसे निघाले, हे एका बैठकीत समजून घ्यायला इतकी सोयीची तबकडी क्वचित सापडेल. ऐकताना दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. पहिली, गायिकेबरोबरच निर्मातीचे कामही तिथे ऐकू येते, मग वेष्टनावर ते छापलेले असो वा नसो. दुसरी, बारावे गाणे संपले तेव्हा तिची बत्तीस वर्षे अजून बाकी होती. तिने केलेल्या सर्वांत धाडसी गायनातले काही त्यांतलेच आहे. त्यामुळे ‘गोल्डन हिट्स’नंतर लगेच ‘डस्टी इन मेम्फिस’ लावावा.

तिच्या अस्थींचा काही भाग हेन्लीच्या चर्चच्या आवारात आहे. उरलेला भाग भाऊ टॉमने आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर, मोहरच्या कड्यांवरून, समुद्रावरच्या वाऱ्यात सोडला. हेन्लीत तिच्या नावाचा दगड आहे. त्यावर नाव आहे डस्टीचे, मेरी ओब्रायनचे नव्हे.